वायफायची नियमावली कोणाच्या बाजूने?

महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या संगणक-वापराच्या नियमावल्या एकापाठोपाठ एक वाचत गेले की एक वाक्य हटकून भेटते : संस्थेने दिलेली इंटरनेटची सोय ही सवलत आहे, तो हक्क नव्हे, आणि ती केव्हाही काढून घेण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला आहे. त्याखाली मनाईची यादी येते. पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये, अश्लील मजकूर पाहू नये, चित्रपट उतरवून घेऊ नयेत, आक्षेपार्ह काही पाठवू नये, संस्थेची बदनामी होईल असे लिहू नये. शेवटी विद्यार्थ्याची सही. संस्था काय देणार, किती वेळ देणार, बंद पडले तर कोणाला विचारायचे, आपली कोणती माहिती कोण पाहतो, कारवाई झाली तर दाद कुठे मागायची, याबद्दल बहुधा अवाक्षर नसते. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतली बहुतेक महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय असो की लोणार-मेहकरकडचे कला-वाणिज्य महाविद्यालय, नियम लिहिण्याची वेळ आली की प्रश्न तोच उभा राहतो. माझे म्हणणे असे आहे की जिथे हे जाळे शिक्षणाचा सक्तीचा भाग झाले आहे, तिथे नियमावली एकतर्फी मनाईपत्र राहू शकत नाही. तिने दोन्ही बाजूंना बांधले पाहिजे, आणि तिच्यात संस्थेची कर्तव्ये आधी व विद्यार्थ्याची नंतर यायला हवीत.

‘सवलत’ ही कल्पना मुळात चुकीची नव्हती. ती एका वेगळ्या काळाची आहे. अमेरिकेत १९८५ नंतर उभे राहिलेले एनएसएफनेट हे जाळे सरकारी पैशातून चालत होते आणि विद्यापीठांना जोडत होते. संशोधन आणि शिक्षण एवढ्यासाठीच ते वापरावे, व्यापारासाठी नाही, असा त्याचा नियम होता. ३० एप्रिल १९९५ रोजी ते बंद होईपर्यंत हा नियम कागदोपत्री कायम होता. भारतात १९८६ पासून एर्नेट या जाळ्याने आयआयटींना आणि काही संशोधनसंस्थांना जोडले, तेही अशाच मर्यादित हेतूने. सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा सुरू केल्यावर. लाइन महाग होती, संगणक मोजके होते आणि वापरणारे बहुतेक संगणकशास्त्रातले होते. त्या जगात एका माणसाच्या करणीने सगळे ठप्प होऊ शकते, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी दिसले. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम स्वतःच्या प्रती काढत पसरला आणि त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार यंत्रे त्याने अडवली. न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले, चारशे तास समाजसेवा लावली आणि दंड केला. त्याआधी विद्यापीठाने स्वतंत्र चौकशी करून, संगणक विभागाच्या लेखी धोरणाचा भंग झाला असा निष्कर्ष काढला होता. या घटनेपासून घ्यायचा तो धडा आजही खरा आहे : नियम लेखी असावा, विद्यार्थ्याला आधी माहीत असावा, आणि भंग झाला तर पोलिसांच्या आधी विद्यापीठाने स्वतः विचार करावा. पुढच्या नियमावल्यांनी यातला फक्त मनाईचा भाग उचलला.

दरम्यान परिस्थिती पार बदलली आहे. पदवीच्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती २०१७-१८ पासून महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून येते; अर्ज तिथेच भरावा लागतो, ओटीपी तिथेच येतो. २०२१ पासून श्रेयांकांची अकादमिक बँक आली आणि विद्यार्थ्याचे श्रेयांक तिच्यातल्या खात्यावर जमा होऊ लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करण्याची मुभा दिली. परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, पुनर्मूल्यांकन, सगळे ऑनलाइन. बुलढाण्याहून अमरावती रस्त्याने जवळपास दोनशे किलोमीटर. विद्यापीठाच्या खिडकीवर जाऊन काम करून येणे म्हणजे विद्यार्थ्याचा अख्खा दिवस आणि घरच्यांचा एका दिवसाचा रोज. संस्थाच जे काम इंटरनेटवरून करायला लावते, ते करायचे साधन मात्र मेहेरबानी आहे असे म्हणणे तर्काला धरून नाही. शुल्क घेऊन सक्तीचा केलेला विषय शिकवणे ही कॉलेजची सवलत नसते, तसेच हे आहे. संशोधनाकडे झुकलेल्या मुलाची अडचण आणखी वेगळी. लोणारचे सरोवर उल्कापाताने झाले याचा ठोस पुरावा मांडणारा फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध १९७३ साली ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात आला. विवराच्या काठावरच्या गावात वाढलेल्या भूगोलाच्या विद्यार्थ्याला तो मुळातून वाचायचा असेल, तर त्याच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय आणि जाळे हाच त्याचा सगळ्यात सरळ कायदेशीर रस्ता आहे.

यावर पहिला आक्षेप सहज येतो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मग कॉलेजच्या वायफायला एवढे महत्त्व कशाला? फोनवर ‘स्वयम्’चे व्याख्यान पाहता येते, हे खरे. पण शंभर पानांचा प्रकल्प अहवाल फोनवर लिहिता येत नाही, जीआयएसचा नकाशा फोनवर करता येत नाही, प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला पडदा आणि कीबोर्ड लागतो. शिवाय घरात फोन असणे आणि मुलीच्या हातात फोन असणे या दोन गोष्टी सगळ्या घरांत एक नाहीत. एक फोन बापाकडे, तो शेतात. संध्याकाळी तो घरी येईल तेव्हा मुलीचा अभ्यास, अशी व्यवस्था खेड्यातल्या कुटुंबांत अजून दिसते. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला गावात सिग्नल मिळेलच अशी खात्री नसते. मोबाइल इंटरनेट सरकार एका आदेशाने बंदही करू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगलीनंतर संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले, मे २०२३ मध्ये अकोल्यातही तेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात अशा बंदीला कारण, मुदत आणि प्रमाण यांच्या कसोट्या लावल्या आहेत. न्यायालय सरकारकडून जी जबाबदारी मागते, तिच्यातली थोडी तरी महाविद्यालयाने स्वतःवर घ्यायला काय हरकत आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो बहुधा प्रयोगशाळा सहायकाकडून येतो : लाइन एक, वापरणारे हजार, चारजण क्रिकेट पाहायला बसले की कार्यालयाचे पोर्टल उघडत नाही. टंचाई खरी आहे. प्रश्न एवढाच की तिच्यावर उपाय म्हणून मनाई करायची की वाटप. मार्च २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतले इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली. मुले रात्रभर जागतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, शेजारच्या खोलीत कोण राहतो हे त्यांना ठाऊक नसते, ही प्रशासनाची चिंता होती. चिंता चुकीची म्हणता येणार नाही. पण त्या बंदीने रात्री खेळ खेळणारा आणि रात्री प्रबंध लिहिणारा असे दोघेही एकाच दारातून बाहेर काढले. टंचाईवर तांत्रिक उपाय आज साधे आहेत : प्रत्येक लॉगिनला ठरावीक वेग, गर्दीच्या वेळी चित्रफितींची गती कमी, कार्यालय आणि परीक्षा विभागाला वेगळी वाट, सुट्टीच्या दिवशी मर्यादा सैल. गावाला टँकर आला की माणशी हंडे ठरतात. कोणाच्या घरी पाहुणे आले आणि कोणी ते पाणी बागेला घातले याची चौकशी आधी होत नाही. वाटप सगळ्यांना समान लागू होते आणि त्याला कोणाच्या चारित्र्याचा निवाडा करावा लागत नाही. मनाईला मात्र रोज कोणीतरी पहारेकरी लागतो, आणि पहारेकऱ्याच्या मर्जीनुसार ती कोणाला लागू होते आणि कोणाला होत नाही.

वसतिगृहाचा, विशेषतः मुलींच्या वसतिगृहाचा विषय इथे टाळता येत नाही. पालकांची काळजी खरी असते आणि जिल्ह्यातले प्राचार्य ती रोज ऐकतात. मुलीला शहरात ठेवताना वडिलांना आश्वासन हवे असते, आणि फोनवर निर्बंध हे सगळ्यात स्वस्त आश्वासन ठरते. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानायला नकार दिला, तिला वसतिगृह सोडावे लागले आणि ती उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी १९ सप्टेंबर २०१९ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला : इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि शिस्तीच्या नावाखाली तो बाजूला सारता येत नाही. तिथे महाविद्यालयाची बाजू अशी होती की पालकांनीच हे मागितले होते. न्यायालयाने लक्षात घेतले की मुलगी सज्ञान आहे, आणि अभ्यास कसा करायचा हे तिने ठरवायचे. हा निकाल महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाही. तरी त्यातला युक्तिवाद इथल्या प्राचार्यांना उत्तर देण्यासारखा आहे. रात्री झोपमोड होते म्हणून दिवे बंद झाल्यावर सामाईक खोलीत फोनवर मोठ्याने बोलू नये, हा नियम समजण्यासारखा आहे, कारण तो दुसऱ्याच्या झोपेसाठी आहे. चार तास फोन कपाटात बंद ठेवा, या नियमामागे असे कोणाचे नुकसान दाखवता येत नाही. मुलांच्या वसतिगृहात तो नसेल आणि मुलींच्या असेल, तर तो अधिकच टिकत नाही.

मनाईच्या यादीतला सगळ्यात धोकादायक शब्द ‘आक्षेपार्ह’ हा आहे, कारण त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या मनावर सोडलेला असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६अ मध्येही अशीच भाषा होती : अतिशय आक्षेपार्ह, त्रास देणारे, गैरसोय करणारे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या दोन ओळींसाठी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, ती याच कलमाचा आधार घेऊन. एकीने लिहिले होते, दुसरीने फक्त पसंती दर्शवली होती. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने त्यावर याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. नेमके काय गुन्हा आहे हे माणसाला आधी कळत नसेल तर तो कायदा त्याच्यावर लादता येत नाही, हे त्याचे एक मुख्य कारण. संसदेने केलेल्या कायद्याला जी अस्पष्टता माफ नाही, ती महाविद्यालयाच्या एका पानी नियमाला कशी माफ होईल? वर्गाच्या व्हॉट्सॲप गटाबाबत जिल्ह्यातल्या शिक्षकांमध्ये एक भीती असते, की कोणा मुलाने काही टाकले तर गटाचा प्रमुख म्हणून आपण अडकू. ज्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात बुलढाणा येतो, त्याने १ मार्च २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ गटप्रमुख म्हणून फौजदारी जबाबदारी येत नाही, समान हेतू किंवा आधी ठरवलेली योजना असल्याखेरीज. हा निकाल शिक्षकांना माहीत असता तर कित्येक गट नुसत्या धास्तीने बंद झाले नसते. महाविद्यालयावर टीका करणारी पोस्ट हा वापराच्या नियमांचा विषयच होऊ नये. मेसच्या जेवणाचा फोटो टाकला म्हणून लॉगिन बंद करणे म्हणजे तक्रारपेटी फोडणे होय.

याचा अर्थ मनाई नकोच असा नाही. काही मनाया अशा आहेत की त्यांच्यावाचून जाळे चालू शकत नाही, आणि त्या ठामपणे लिहिल्या पाहिजेत. दुसऱ्याच्या खात्यात शिरणे, दुसऱ्याच्या नावाने खाते उघडणे, कोणाचे खासगी छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवणे, जाळ्यात मुद्दाम बिघाड करणे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे ४३, ६६, ६६सी आणि ६६ई यांसाठी आधीच आहेत. ओळख चोरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड, खासगी अंगाचे चित्र संमतीशिवाय टिपण्याला वा पसरवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विद्यार्थ्याला हे आकडे पहिल्याच दिवशी कळले पाहिजेत. पण यातली सगळ्यात महत्त्वाची मनाई, पासवर्ड वाटू नये ही, बहुतेकदा महाविद्यालयच मोडते. प्रयोगशाळेच्या फळ्यावर एकच पासवर्ड खडूने लिहिलेला असतो आणि तो कॅन्टीनपर्यंत सगळ्यांना पाठ असतो. यात काय बिघडते हे नीट पाहण्यासारखे आहे. महाविद्यालयातल्या शे-दीडशे उपकरणांना बाहेरच्या जगासाठी बहुधा एकच आयपी पत्ता असतो. राउटर आतल्या प्रत्येक यंत्राला तात्पुरता पत्ता देतो, सगळ्यांची मागणी त्या एका पत्त्यावरून बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर पोर्टच्या क्रमांकावरून ज्याचे त्याला पोचवतो. उद्या त्या वायफायवरून कोणी एखाद्या मुलीच्या नावाचे बनावट खाते उघडले आणि सायबर पोलिसांनी अमुक दिवशी अमुक वाजता हा पत्ता कोण वापरत होते असे विचारले, तर बाहेरचा पत्ता अख्ख्या महाविद्यालयाकडे बोट दाखवतो. आतला माणूस शोधायला तीन नोंदी जुळाव्या लागतात : कोणाच्या लॉगिनवर कोणते उपकरण होते, त्याला तेव्हा आतला कोणता पत्ता मिळाला होता, आणि बाहेर जाताना त्याला कोणता पोर्ट लागला. फळ्यावरच्या पासवर्डमुळे पहिलीच नोंद नसते. उपकरणाच्या मॅक पत्त्यावरून ओळखू असे कोणी म्हणेल, तर आजचे फोन वायफायला जोडताना बनावट मॅक पत्ता देतात, तेही मूळ रचनेतच. मग संशय जातो तो ज्याच्याबद्दल आधीपासून काही ऐकले आहे त्याच्यावर. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन देणे हे म्हणून महाविद्यालयाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते पार पाडल्याशिवाय पासवर्ड वाटल्याबद्दल कोणाला शिक्षा करण्याचा त्याला नैतिक अधिकार उरत नाही.

नोंदी ठेवायच्या म्हटले की उलट बाजूचा धोका सुरू होतो. लॉगिनची नोंद आणि मुलगा काय वाचतो याची नोंद यांत मोठा फरक आहे. पहिली जाळ्याच्या सुरक्षेसाठी लागते. दुसरी कोणी ठेवली तर आजारपणाबद्दल, जातीवरून झालेल्या छळाबद्दल, नैराश्याबद्दल, आंतरजातीय लग्नाच्या कायद्याबद्दल कोणी काय शोधले हे एका लिपिकाच्या पडद्यावर येते. तालुक्याच्या गावात तो लिपिक बहुधा कोणाच्या तरी नात्यातला असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हस्तक्षेप करायचा तर त्याला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणातले साधन लागते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने आणखी एक बाब पुढे आणली आहे जिच्याकडे आपल्याकडच्या महाविद्यालयांचे लक्ष गेलेले दिसत नाही : या कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. वऱ्हाडातल्या कित्येक वरिष्ठ महाविद्यालयांच्या आवारात अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय भरते, आणि वायफाय तेच असते. म्हणजे वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली नियमावली सोळा वर्षांच्या मुलांनाही नकळत लागू होते. नोंदी किती दिवस ठेवायच्या यालाही हद्द हवी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवायला सांगितले. महाविद्यालयाने लॉगिन आणि पत्त्यांच्या नोंदींसाठी हीच मुदत घ्यावी, त्यानंतर त्या पुसाव्यात, आणि त्या पाहायच्या असतील तर लेखी कारण व दोघांच्या सह्या असाव्यात. पोलिसांनी मागितल्या तर लेखी मागणीवरच द्याव्यात, ठाण्यातल्या ओळखीच्या फोनवर नाही.

शोधनिबंध उतरवून घेण्याबद्दलचा नियम सगळ्यांत कमी समजावून सांगितला जातो. इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना २०१० पासून ई-पुस्तके आणि नियतकालिके मिळू लागली. त्यासाठी प्रत्येक सदस्याला वेगळे लॉगिन मिळते. एखाद्याने प्रोग्राम लावून एका रात्रीत हजारो निबंध उतरवले, तर प्रकाशक त्या एकट्यालाच रोखतील याची खात्री नसते. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये जेस्टोर या नियतकालिकांच्या भांडाराने अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठासाठी आपले दार काही दिवस पूर्ण बंद केले होते, कारण आरन स्वार्ट्झ नावाच्या तरुणाने तिथल्या खुल्या जाळ्यावरून लाखो निबंध उतरवले. पुढे त्याच्यावर फेडरल खटला भरला गेला आणि ११ जानेवारी २०१३ रोजी त्याने आत्महत्या केली. एमआयटीने मग हॅल अॅबल्सन यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःच्या वागण्याची चौकशी करून घेतली. त्या अहवालाने विद्यापीठाला बेकायदा वागल्याचा ठपका ठेवला नाही, पण तटस्थ राहण्यापलीकडे त्याच्याकडून काय अपेक्षित होते हा प्रश्न उघडपणे विचारला. ज्ञानाच्या किमतीबद्दलचा हा प्रश्न भारतालाही लागू आहे. केंद्राने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही सहा हजार कोटींची योजना मंजूर केली; तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात आहेत. पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांसाठी आहे, आणि आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची आहेत. विद्यार्थ्याला चोरवाटेने जाऊ नको असे सांगणारी नियमावली ग्रंथपालाकडून सरळ वाट कशी मिळेल हे सांगत नसेल, तर तिचे कोणी ऐकणार नाही. निबंधाच्या लेखकाला मेलने प्रत मागता येते, पुष्कळ लेखक ती देतात, आणि कित्येक निबंधांच्या मोफत प्रती विद्यापीठांच्या भांडारांत असतात. या साध्या गोष्टी नियमपत्रातच लिहाव्यात.

सामाईक संगणकाबद्दल दोन शब्द. शिष्यवृत्तीच्या दिवसांत प्रयोगशाळेच्या यंत्रावर एकामागून एक अर्ज भरले जातात. आधारची पीडीएफ, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान : अर्ज भरून विद्यार्थी उठतो, कागद ‘डाउनलोड्स’च्या फोल्डरमध्ये राहतात, ब्राउझरने पासवर्ड जपून ठेवायचा का विचारलेले असते आणि घाईत ‘हो’ दाबलेले असते. पुढचा बसणारा ते सगळे पाहू शकतो. यंत्र बंद होताना असे सगळे आपोआप पुसले जाईल अशी व्यवस्था लावणे अवघड नाही, आणि ते काम विद्यार्थ्याचे नव्हे. या एका सुधारणेने जितके नुकसान टळेल, तितके दहा मनायांनी टळणार नाही.

शिक्षेचा भाग नियमावलीत बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : योग्य ती कारवाई होईल. विद्यार्थ्याचे लॉगिन परीक्षेच्या आठवड्यात बंद झाले तर त्याचे प्रवेशपत्र कुठून काढायचे? शिक्षा कितीही असो, परीक्षा, शिष्यवृत्ती आणि निकाल यांच्यासाठीचा वापर बंद होऊ नये, असा अपवाद स्पष्ट लिहिला पाहिजे. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्या वेळी ठरावीक दिवसांची मर्यादा, गुन्हा असेल तर रीतसर चौकशी, आणि प्रत्येक टप्प्यावर मुलाचे म्हणणे ऐकून घेणे. दाद मागायला नवी समिती काढायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ११ एप्रिल २०२३ च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ पातळीवर लोकपाल सांगितलेलाच आहे. इंटरनेटबद्दलची तक्रारही त्यांच्याकडे जाईल, एवढे वाक्य नियमात घालायचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहून घेतलेल्या प्रकल्पांचा प्रश्न मात्र मी इथे घेत नाही; तो परीक्षेच्या नियमांचा आहे. वायफायवर एखादे संकेतस्थळ अडवून तो सुटत नाही, कारण ते मोबाइलवर उघडतेच.

शेवटचा आक्षेप छोट्या महाविद्यालयांचा आहे आणि तो प्रामाणिक आहे : आमच्याकडे संगणक विभागात एकच माणूस, तोच परीक्षेचे फॉर्म पाहतो, तोच प्रोजेक्टर लावतो, हे सगळे करायचे कोणी? नॅकच्या मूल्यांकनात इंटरनेटचा वेग आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या सोयी विचारल्या जातात, म्हणून एखादे मोठ्या संस्थेचे धोरण उचलून नाव बदलून जोडले जाते, आणि समिती गेली की फाइल कपाटात जाते. यातून बाहेर पडायचे तर ओझे विद्यापीठाने घेतले पाहिजे. पाच जिल्ह्यांसाठी एकच नमुना अमरावतीत तयार व्हावा : एक पान मराठीत, विद्यार्थ्याला प्रवेशाच्या वेळी मिळेल असे, दुसरे पान महाविद्यालयासाठी, त्यात स्वतंत्र लॉगिन, १८० दिवसांच्या नोंदी, सामाईक यंत्रांची स्वच्छता आणि बंद पडल्यास दुरुस्तीची मुदत. लॉगिन देणारी मोफत, मुक्तस्रोत साधने उपलब्ध आहेत. ती एकदा बसवून कशी चालवायची याचे प्रशिक्षण विद्यापीठाच्या संगणक केंद्राने जिल्ह्यात येऊन द्यावे, खामगावला एकदा आणि मेहकरला एकदा, म्हणजे घाटाखालच्यांना आणि घाटावरच्यांना एका दिवसात जाऊन परत येता येईल. विद्यार्थ्याच्या पानावर पहिली ओळ अशी असावी की अभ्यासासाठी इंटरनेट मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि ते बंद असेल तर किती दिवसांत सुरू होईल व कोणाला भेटायचे. मनाया त्याखाली याव्यात, सहा-सातच, प्रत्येकीपुढे तिचे कारण एका वाक्यात.